कुवेतची लोकर

बिरदेव कुवेतहून आला तेव्हा त्याच्या पेटीत आईसाठी मखमली रग होता, सारजासाठी अत्तराची बाटली होती, एक टेपरेकॉर्डर होता आणि वेगळ्या निळ्या पिशवीत चांगली पाच किलो लोकर होती. लोक तिकडनं घड्याळं आणतात, सोन्याच्या साखळ्या आणतात. विमानातनं लोकर आणणारा माणूस धनगराचाच असणार, दुसरा कोण? निमगाव केतकीच्या स्टँडवर उतरल्यावर त्यानं पेटी धाकट्या भावाच्या, मल्हारच्या डोक्यावर दिली आणि लोकर आपल्याच काखेत धरून तो वस्तीपर्यंत चालत आला. वाटेत चार वेळा बसला. सारजानं ते तेव्हाच बघितलं, पण बायको म्हणून आधी डोळे भरून नवरा बघायचा होता तिला, त्यामुळं ती गप्प राहिली.

तो गेला होता एक्याण्णवच्या वैशाखात. तिकडची लढाई नुकती सरली होती. पळणाऱ्या फौजेनं जाता जाता तेलाच्या विहिरी पेटवून दिल्या होत्या आणि राबणारी माणसं जीव घेऊन आपापल्या देशाला गेली होती. अरबांच्या मेंढरांना माणूस मिळेना. मुंबईचा एजंट म्हणाला, मेंढरं राखता येतात ना, मग झालं. दीड वर्ष बिरदेवनं वाळवंटात एका अरबाची मेंढरं राखली आणि ब्याण्णवच्या दिवाळीच्या तोंडाला तो घरी आला.

आल्या दिवशी म्हातारीनं, म्हणजे कुशाबाईनं, रगाकडं ढुंकून बघितलं नाही. तिनं निळ्या पिशवीत हात घातला, मूठभर लोकर काढून उन्हात धरली आणि तिचं तोंड लहान पोरीसारखं झालं. आता काळ्या लोकरीची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्यालाच हे कळणार. आपल्याकडचं काळं मेंढरू नावाचं काळं. ऊन-पावसानं त्याची लोकर तांबूस पडते, पोटाखाली करडी निघते. मुळापासून शेंड्यापर्यंत एका रंगाची काळी लोकर म्हातारीनं सबंध आयुष्यात दोनदा बघितली होती, आणि दोन्ही वेळा ती देवाच्या घोंगड्याला गेली होती.

"जन्माची काळी हाय व्हय रं ही?" तिनं विचारलं.

बिरदेवनं आईकडं बघितलं. खरं तर तेव्हा एक शब्द बोलायचा होता, न्हाय. तेवढा बोलला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण दीड वर्षानं घरी आलेला माणूस, अंगण माणसांनी भरलेलं, आणि आईच्या तोंडावरचं ते हसू. तो म्हणाला, "व्हय. तिकडची मेंढरं काळीच असत्यात."

एकदा तोंडातनं गेलं की गेलं. मग एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो. लोकरीला रॉकेलसारखा वास कसला, कुणीतरी विचारलं. तिकडं गोचिडं होऊ नयेत म्हणून मेंढरांना तेल चोळतात, बिरदेवनं सांगितलं. विहिरी पेटल्यात म्हणे? त्या कवाच इझल्या. हवापाणी? झ्याक. अरब कसा? देवमाणूस. विहिरी विझल्या हे खरंच होतं आणि अरब माणूस बरा हेही खरंच होतं, त्यामुळं बाकीचं त्यात खपून गेलं.

सारजाला पहिल्या आठवड्यातच कळलं. त्याचा रुमाल धुवायला घेतला तर त्यात काळं. तिला वाटलं चुलीची काजळी लागली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहाटे तो वस्तीच्या मागं जाऊन खोकायचा आणि पायानं माती ओढून थुंकी झाकायचा. तिनं एकदा विचारलं, तो म्हणाला धूळ बसलीय, जाईल. तिनं पुन्हा विचारलं नाही. का नाही विचारलं? खरं सांगायचं तर तिला ते दिवस गोड लागत होते. बाजारात बाया सरकून तिला जागा देत होत्या. लासुर्ण्याच्या बागायतदार सर्जेरावाची बायको, जी कधी ओट्याच्या पायरीवर बसू देत नव्हती, ती आता कुवेतवाली म्हणून हाक मारून चहा देत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सारजा मनाशी म्हणायची आणि रुमाल धुऊन टाकायची. या गोष्टीत तिचाही हात आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

पौष सरला तशी उसाची तोड जोरात आली. सर्जेरावाचा चार एकराचा फड मोकळा झाला आणि त्यानं नेहमीप्रमाणं खतासाठी मेंढरं बसवायला बिरदेवला निरोप धाडला. म्हणजे असं, की रात्रीची मेंढरं त्याच्या रानात जाळीच्या वाघरीत कोंडायची, लेंडीमूत रानात पडायचं, आणि बदल्यात शेतकरी धान्य द्यायचा. वाघर रोज उचलून पुढच्या पट्ट्यात मांडायची. खुंट उपटायचे, जाळी गुंडाळायची, दहा पावलं पुढं न्यायची, खुंट पुन्हा ठोकायचे. बिरदेव हे काम बारा वर्षांचा असल्यापासून करत आला होता. तीस खुंट ठोकायला पूर्वी त्याला एका बिडीचा वेळसुद्धा लागत नसे, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. बिडी त्यानं जन्मात ओढली नव्हती.

आता सहाव्या खुंटाला तो हातोडा टेकून उभा राहायचा. छातीतनं शिट्टी वाजायची. पाचटाची धूळ उडाली की ओठ निळे पडायचे. मग सारजा पदर खोचून हातोडा घ्यायची आणि उरलेले चोवीस खुंट ठोकायची. बाईच्या हातानं खुंट ठोकलेला धनगरात बघवत नाही कुणाला, म्हणून ती हे काम उजाडायच्या आत उरकायची. एके दिवशी सर्जेराव लवकर आला. बिरदेव बांधावर बसलेला आणि सारजा खुंट ठोकताना त्यानं बघितली. बैठकीतला, बोलका माणूस तो, हसून म्हणाला, "अरबाची बिर्याणी खाऊन सुस्तावलास की रं बिरदेवा. बायकूला राबीवतुयास." बिरदेवही हसला. हसताना खोकला आला, तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. सारजाला त्या क्षणी सर्जेरावाचा राग आला नाही, नवऱ्याच्या त्या हसण्याचा आला.

ती हट्टानं त्याला बारामतीला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, उजेडाला धरला आणि विचारलं, दिवसाला किती बिड्या ओढता? बिरदेव म्हणाला, ओढत न्हाय. डॉक्टर म्हणाला, सगळे असंच म्हणतात. सारजानं नवऱ्याला कोपरानं ढोसलं, रुमालातल्या काळ्याचं सांगा की म्हणून. तो समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. डॉक्टरनं कागदावर बिडी लिहिली, गोळ्या लिहिल्या आणि पुढचा पेशंट बोलावला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, न ओढलेल्या बिडीचा आळ घेतलात पण तोंड उघडलं न्हाईत. तो म्हणाला, डॉक्टर निमगावच्या लोकांचा बी हाय, बोललं की गावात जातंय.

आणि गावात गेलं तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं, कारण तोवर मल्हारचं ठरलं होतं. बिरदेवच्या जागेवर त्याच अरबाला माणूस हवा होता आणि मल्हारनं एजंटला होकार कळवला होता. तेवीस वर्षांचा गडी, अंगानं कसलेला. टेपरेकॉर्डर त्याच्याच उशाशी असायचा. तिकडच्या काळ्या मेंढरांची गोष्ट त्यानं भावाकडनं इतक्यांदा ऐकली होती की आता तोच ती दुसऱ्यांना सांगायचा, आणि भावापेक्षा बरी सांगायचा. लाकडी निंबोडीकडच्या एका पाहुण्यानं आपली लेक कौसल्या त्याला द्यायचं कबूल केलं होतं, पण पासपोर्ट बघून. एजंटला पैसे भरायला आपल्या वाटणीची वीस मेंढरं बारामतीच्या बाजारात विकायची, असा मल्हारचा बेत होता. बिरदेवला त्यानं विचारलं तेव्हा बिरदेव बघू म्हणाला. थोरला भाऊ बघू म्हणाला म्हणजे धाकट्यानं हो धरलं.

कुशाबाईचं वेगळंच चाललं होतं. पोरगा परमुलखाला निघाला तर खांद्यावर घोंगडं नको? थोरला जुनं घेऊन गेला होता, धाकट्याला त्या काळ्या लोकरीचं नवं द्यायचं. माघ महिनाभर ती चरख्याला बसली. लोकर पिंजताना काळी भुकटी उडायची. म्हातारीच्या बोटांच्या चिरांत काळं बसलं ते राखेनं घासून निघेना. मनगटावर लाल फोड उठले. ती म्हणायची, तेल लई चोळत्यात मुडदे. सूत मात्र तिनं एकसारखं काढलं, हात लावावासा वाटेल असं, आणि सारजाला म्हणाली, जा, तात्याबाकडं टाकून ये.

तात्याबा सनगर निमगावात घोंगडी विणायचा. साठी उलटलेला, अर्धा बहिरा, लोकरीच्या बाबतीत मात्र त्याचा शब्द शेवटचा. सारजा सूत देऊन आली आणि चौथ्या दिवशी त्यानं तिला बोलावून घेतलं. सूत परत पिशवीत भरून ठेवलं होतं.

चिंचोक्याची खळ धरत नाही, तात्याबानं सांगितलं. खळ लावल्याशिवाय माग चालत नाही आणि या सुतावरनं खळ पाण्यासारखी ओघळून जाते. दोनदा लावून बघितली. मग त्याला शंका आली. त्यानं एक वेढा तोडून पापडखाराच्या गरम पाण्यात दिवसभर टाकला, पाणी बदललं, पुन्हा टाकला. तो वेढा त्यानं सारजाच्या हातावर ठेवला. मळकट होता, पण पांढरा होता.

"पोरी, ही काळी मेंढरं न्हाईत," तात्याबा म्हणाला. "पांढऱ्या मेंढरांवर काजळी चढलीया. आन ती अंगावर चढायची तर मेंढरं किती दिस धुरात उभी असतील, त्याचा हिशेब तूच कर."

सारजानं हिशेब केला. मेंढरांच्या मागं माणूस असतो. तिनं तो वेढा पदराच्या गाठीला बांधला आणि निमगावपासनं वस्तीपर्यंत ती भर उन्हात कुठंही न थांबता आली. पिशवी तिनं कडब्याच्या गंजीत खुपसली आणि म्हातारीला सांगितलं, तात्याबाचा माग मोडलाय, येळ लागंल. आता तीही खोटं बोलायला लागली होती.

बिरदेव त्या वेळी रानात कोकरं पाजत होता. एका मेंढीनं आपलं कोकरू झिडकारलं होतं आणि तो तिची मान गुडघ्यात धरून कोकराचं तोंड सडाला लावत होता. सारजानं समोर बसून पदराची गाठ सोडली. त्यानं वेढा बघितला. मेंढीची मान त्यानं सोडली नाही, कोकराचं पोट भरेपर्यंत तो तसाच बसला आणि मग सांगायला लागला.

पहिले सहा महिने तिकडं दिवस म्हणून नव्हताच. दुपारी बारा वाजता गाडीवाले दिवे लावून जायचे. आभाळ काळं, आणि त्यातनं पाऊस पडायचा तोही तेलाचा. भाकरीवर काळं, पाण्याच्या पिंपात काळं, झोपून उठलं की नाकाच्या भोकांत काळं. मेंढरं खोकायची. मेंढरू माणसासारखं खोकतं हे त्यानं तिथं ऐकलं. लोकर चिकटून तिचे गठ्ठे व्हायचे, कातडं सोलवटायचं, म्हणून त्यानं एकट्यानं दोनशे मेंढरं कातरली. अरब म्हणाला, ती लोकर जाळून टाक. त्यानं बाकीची जाळली. पाच किलो लोकर तेवढी सोडा लावून तीन तीनदा धुतली आणि ठेवली. पुढं मेंढरं तर गेली, निदान त्यांचं काहीतरी घरी न्यावं असं निघताना त्याला वाटलं. विझल्यावर विहिरींतलं तेल वाळूवर तसंच राहिलं, त्याची तळी झाली. एका तळ्यात चाळीस मेंढरं गेली. ती ओढून काढता काढता तो गळ्यापर्यंत त्या तेलात होता.

मेंढरं तळ्यात गेली कशी, ते त्यानं सांगितलं नाही. सारजानंही विचारलं नाही. तिच्या डोक्यात एकच होतं. दोन दिवसांनी बारामतीचा बाजार होता.

"मल्हारला सांगा," ती म्हणाली. "बाजाराच्या आधी सांगा. न्हाईतर मी सांगते."

त्यानं तिचा हात धरला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, उघड्या रानात त्यानं तिचा हात कधी धरला नव्हता. "माझ्या तोंडानं सांगू दे," तो म्हणाला. "एवढं मला ठेव."

तिनं ठेवलं. थोरल्यानं धाकट्याला सांगायची गोष्ट, तिथं बायकोनं पुढं होऊ नये, असं तिला वाटलं. पहिला दिवस गेला. संध्याकाळी दोघे भाऊ शेजारी बसून जेवले, मल्हार कौसल्याच्या बापाची नक्कल करत होता आणि बिरदेव हसत होता. दुसरा दिवस गेला. बाजारच्या पहाटे टेंपो आला. मल्हारनं वीस मेंढरं निवडली आणि बिरदेव ती धरून द्यायला गेला. सारजा वाघरीच्या तोंडाशी उभी होती. एकेक मेंढरू वर चढत होतं आणि ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती, आता बोलतील, आता बोलतील. विसावं मेंढरू चढलं. बिरदेवनं टेंपोची फळी लावली, खीळ घातली. टेंपो गेला. ती बोलू शकली असती, तिचं तोंड कुणी शिवलं नव्हतं. पुढं जन्मभर तिला ती फळी लावल्याचा आवाज आठवायचा आणि स्वतःचीच चीड यायची.

होळीनंतरच्या चौथ्या दिवशी मल्हार निघाला. भिगवणची एस.टी. सकाळी नऊला लासुर्ण्याच्या फाट्यावर यायची, भिगवणहून मुंबईची रेल्वे. कुशाबाई भाकरी बांधून आधीच फाट्यावर जाऊन बसली होती. परगावी जाणारा माणूस आधी मेंढरांत येऊन जातो, पुढच्या मेंढराला भंडारा लावतो, तसा मल्हार रानात आला. अंगावर नवा सफारी, पायात बूट. भंडारा लावून तो वाकून भावाच्या पाया पडला आणि बिरदेवचा धीर तिथंच सुटला.

तो उभा होता तो खाली बसला आणि सगळं बोलला. धूर, तेलाचा पाऊस, लोकर, छाती. मधे मधे दम लागत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. संपल्यावर मल्हार म्हणाला, "चार म्हैनं सोनं हुतं. मी निघालो तवा इष झालं व्हय?"

मल्हारचा आवाज चढला. हा खुंट ठोकू शकत नाही, याला घरात गडी पाहिजे, म्हणून आता हे काढलंय, असं तो सारजाकडं बघून म्हणाला. मग तिलाच विचारलं, "वैनी, तू सांग. तू मला कवा फसवलं न्हाईस."

सारजानं पदराची गाठ सोडली आणि पांढरा वेढा त्याच्या तळहातावर ठेवला. तात्याबानं धुतलेला, आईनं काढलेल्या सुतातला, एवढंच ती म्हणाली. मल्हार धनगराचं पोर होतं. त्यानं वेढ्याचा पीळ उलगडला, सूत बोटांत चोळून बघितलं, नाकाशी धरलं. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. नव्या सफारीची घडी मोडेल याची पर्वा न करता तो ढेकळांत बसला.

"तुला कवापास्नं ठावं हुतं?"

"बाजाराच्या आदी," सारजा म्हणाली. तिला रडू आलं आणि ती रडली.

मेंढरं पाचटातले हिरवे कोंब खुडत होती. मग मल्हारनं घड्याळ बघितलं. वीस मेंढरं गेली, तो म्हणाला. पैसे एजंटच्या घशात गेले. आता मागं फिरलो तर कौसल्याचा बाप दारात उभा करणार नाही आणि उरलेल्या वीस मेंढरांवर दोन भाऊ जगणार नाहीत. तो रागानं बोलत नव्हता, वाटाघाट करावी तसं एकेक बोलत होता. ते ऐकून सारजाला अधिकच वाईट वाटलं. शेवटी त्यानं जवळची काठी उचलून बिरदेवच्या हातात दिली. "मुलूख सांग," तो म्हणाला.

एक धनगर दुसऱ्याला मुलूख सांगतो त्याची रीत आहे. पहिल्यांदा पाणी सांगायचं, मग चारा, मग वैरी. सांगणाऱ्यानं जमिनीवर काठीनं ओढायचं आणि ऐकणाऱ्यानं प्रत्येक खूण परत बोलून दाखवायची. बापानं दोघांना असाच भीमेपासून खाली नीरेपर्यंतचा मुलूख सांगितला होता. बिरदेवनं ढेकळं बाजूला करून जागा केली. हा अरबाचा तंबू. ही पाण्याची टाकी, टँकर हितंच येतो, दुसरीकडं कुठं पाणी न्हाय. हा डांबरी रस्ता. टाकीच्या उगवतीला पहिलं तळं, मोडक्या रणगाड्याच्या मागं. मल्हार म्हणाला, उगवतीला, रणगाड्यामागं. दुसरं तारेच्या कुंपणापाशी. तिसरं आणि चौथं जोडीनं, मधी बैलगाडी जाईल एवढीच वाट. मल्हारनं तेही म्हणून दाखवलं. बिरदेवचा दम आता लागत नव्हता, किंवा लागत असला तरी त्याला कळत नव्हतं. कुवेतहून आल्यापासनं तो पहिल्यांदाच मोकळेपणानं खरं बोलत होता आणि त्याचा आवाज पूर्वीसारखा झाला होता.

"पर दादा," मल्हारनं मधेच विचारलं, "तू मेंढरं तेलात घातलीसच कशी? वासानं तरी कळलं न्हाय?"

बिरदेवची काठी थांबली. सारजानं ओळखलं, हेच ते, हेच त्याच्या घशात अडकलं होतं. धूर नाही, छाती नाही, हे.

"समद्या मुलखालाच वास. कशाचा कळणार?" तो म्हणाला. "तीन दिस टँकर आला नव्हता. मेंढरांच्या जिभा बाहीर आलेल्या. लांबनं चकाकतंय असं दिसलं, पर मी गेलो न्हाय, म्हटलं इसवास न्हाय. मग पाखरं आली. आपल्या भिगवणला येत्यात तसली, लांब पायाची. थव्यानं आली आन उतरली."

उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी वाढलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. पाखरं जिथं उतरतात तिथं पाणी असतं, ते प्यायचं पाणी असतं आणि ते उथळ असतं. दुष्काळात बापानं याच एका खुणेवर कळप वाचवला होता.

"मीच म्होरक्याला हाकलला," बिरदेव म्हणाला. "मागनं समदी गेली. एक बी पाखरू वर उठलं न्हाय, ते ध्यानात यायला उशीर झाला."

अरबानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, तो म्हणाला. अरबानं फक्त विचारलं, तू मेंढपाळ आहेस ना? ते एक वाक्य घेऊन तो विमानात बसला होता आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं म्हणून बाकीचं सगळं खोटं बोलला होता.

मल्हारनं भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी बी घातली असती," तो म्हणाला. "आपला बा असता तर त्यानं बी घातली असती."

फाट्याकडनं कुशाबाईची हाक आली. गाडी दिसायला लागली होती. मल्हार उठला, पँटची माती झटकली, बॅग उचलून पळत सुटला. बांधावर जाऊन त्यानं एकदा वळून बघितलं, हात वर केला. बिरदेव उठून दहा-बारा पावलं त्याच्या मागं गेला आणि छाती धरून थांबला. एस.टी. थांबली, म्हातारीनं भाकरीचं गाठोडं खिडकीतनं आत दिलं, गाडी हलली. सारजा डोळ्यांना पदर लावून उभी राहिली. मल्हार सगळं ठाऊक होऊन गेला, डोळे उघडे ठेवून गेला, एवढं तरी झालं, असं ती मनाची समजूत घालत होती.

मेंढरांनी तेवढ्यात जागा बदलली. वाघर मांडायची होती. तिनं हातोडा घेतला आणि नवऱ्याला हाक मारली. तो आला नाही. बांधाजवळ बसून तो बोटं मोजत होता, अंगठ्यानं एकेक बोट दाबत, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत. ती जवळ गेली.

"पाच हुती," तो म्हणाला.

तिला कळलं नाही. त्यानं वर बघितलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तळी पाच हुती, सारजे. चारच सांगितली. पाचवं टाकीच्या वाटंवरच हाय. वर वाळू बसलीया, गवत बी उगवलंय त्यावर. दिसत न्हाय ते. मधीच इचारलं त्यानं आन ऱ्हायलं सांगायचं."

सारजानं रस्त्याकडं बघितलं. गाडी कधीच वळणापलीकडं गेली होती आणि फाट्यावर कुशाबाई एकटी उभी होती. कुवेतला पत्र जायला महिना लागायचा. मल्हार दहा दिवसांत तिथं मेंढरं सोडणार होता.